लिथियम बॅटरी पूर्ण भरत नाही? आकडे बदलण्याआधी चार्जिंग कोण थांबवतंय ते शोधा

ऊन कडक आहे, पॅनल पुसलेले आहेत, तरी बॅटरी ९० टक्क्यांच्या पुढे सरकत नाही. किंवा भर दुपारी इन्व्हर्टर अचानक शिट्टी मारून बंद पडतो आणि स्क्रीनवर बॅटरीचं व्होल्टेज जास्त झाल्याचा इशारा दिसतो. किंवा रात्री ६० टक्के दाखवत असताना घर एकदम अंधारात जातं. तिन्ही वेळा हात जातो तो सेटिंगच्या मेनूकडे, आणि बहुतेक जण पहिलं काम करतात ते चार्जिंगचं व्होल्टेज वाढवायचं. बऱ्याचदा हा उलटा उपाय ठरतो.

चार्जिंग थांबवणारे तिघंच असतात. एक चार्जर, मग तो इन्व्हर्टरमधला असो की वेगळा एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला देणारा डबा. त्याला वाटतं बॅटरी भरली. दुसरा बॅटरीच्या पोटातला बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवून गरज पडली तर बॅटरी तोडणारं सर्किट. त्याला एखाद्या सेलची काळजी वाटते. तिसरं म्हणजे वायरिंग आणि पॅनल; करंट पोचतच नाही. तिघांपैकी कोण, हे कळलं की बदलायचा आकडा बहुधा एकच उरतो.

आधी लेबल वाचा

"४८ व्होल्ट लिथियम" हे नाव आहे, माप नव्हे. या नावाखाली निदान चार वेगळे पॅक मिळतात. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, यात १६ सेल सिरीजमध्ये असतील तर लेबलवर ५१.२ व्होल्ट लिहिलेलं असतं. १५ सेल असतील तर ४८ व्होल्ट. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारात १४ सेलचा पॅक ५१.८ व्होल्टचा आणि १३ सेलचा ४८ च्या आसपास. ५१.२ आणि ५१.८ यांत फरक दशांशातला, पण आतली रसायनं वेगळी. एलएफपीचा सेल ३.६५ व्होल्टला काठोकाठ भरतो, एनएमसीचा ४.२ व्होल्टला. एकाचे आकडे दुसऱ्याला लावायचे नाहीत. खालचं सगळं एलएफपीबद्दल आहे, कारण घरगुती सोलरमध्ये आता तीच जास्त दिसते.

१५ आणि १६ सेलमधला घोळही नेहमीचा. १६ सेलसाठी सांगितलेले ५६ व्होल्ट १५ सेलच्या पॅकला लावले तर सेलमागे ३.७३ व्होल्ट होतात आणि बीएमएस रोज दुपारी तोडतो. लेबल पुसट असेल तर बीएमएसचं मोबाइल ॲप उघडून सेल मोजा. ॲप नसेल तर बॅटरीच्या माहितीपत्रकातलं कमाल चार्जिंग व्होल्टेज बघा: ५८.४ असेल तर १६ सेल, ५४.७५ असेल तर १५.

चालणारे आकडे

उत्पादकाने माहितीपत्रकात आकडे दिले असतील तर तेच वापरा, वॉरंटी त्यांच्यावरच टिकते. नसतील तर सेलमागे असा हिशोब धरा: बल्क किंवा ॲब्सॉर्प्शन (चार्जर जिथपर्यंत भरतो ते व्होल्टेज) ३.४५ ते ३.५०, फ्लोट (भरल्यावर बॅटरी टेकवून ठेवायचं व्होल्टेज) ३.३५ ते ३.४०, इन्व्हर्टरचा खालचा कट-ऑफ (जिथे तो बॅटरी वापरणं थांबवतो) ३.०.

१६ सेल: बल्क ५५.२ ते ५६.०, फ्लोट ५३.६ ते ५४.४, कट-ऑफ ४८.०
१५ सेल: बल्क ५१.८ ते ५२.५, फ्लोट ५०.३ ते ५१.०, कट-ऑफ ४५.०
८ सेल: बल्क २७.६ ते २८.०, फ्लोट २६.८ ते २७.२, कट-ऑफ २४.०
४ सेल: बल्क १३.८ ते १४.०, फ्लोट १३.४ ते १३.६, कट-ऑफ १२.०

माहितीपत्रकातले ५८.४ बघून "आपण कमी का भरतोय" अशी शंका येते. ते कमाल मर्यादेचे व्होल्ट आहेत, रोजच्या चार्जिंगचे नव्हेत. एलएफपीचं व्होल्टेज दिवसभर ३.२ ते ३.३५ मध्ये आडवं पडून राहतं आणि शेवटी एकदम उभं चढतं. ३.४५ पासून ३.६५ पर्यंतच्या त्या उभ्या चढात एक-दोन टक्क्यांपलीकडे वीज मावत नाही. तेवढ्यासाठी सगळे सेल रोज कड्यावर नेऊन उभे करण्यात फायदा नाही.

मेनूला हात लावण्याआधीची मोजणी

मल्टिमीटर, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आणि बीएमएसचं ॲप, एवढं पुरतं. साधे क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, ते इथे कामाचे नाहीत. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याचा दांडा इन्सुलेशन टेपने गुंडाळून घ्या. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीच्या दोन टोकांवर लोखंडी पाना आडवा पडला तर तो तिथेच वितळून चिकटतो. पॅनलच्या बाजूच्या वायरींना हात लावायचाच असेल तर आधी पॅनलचा डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलची वीज तोडणारा स्विच, बंद करा. सिरीजमधल्या पॅनलचं व्होल्टेज कित्येक घरांत ३०० ते ४०० च्या वर असतं.

दुपारी चार्जिंग जोरात चालू असताना तीन ठिकाणी व्होल्टेज घ्या: इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर, इन्व्हर्टरच्या बॅटरी टर्मिनलवर, आणि बॅटरीच्या खांबांवर. त्याच क्षणी करंट किती तेही लिहा.

समजा स्क्रीनवर ५५.२ आहेत, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरही ५५.२ दाखवतो, बॅटरीच्या खांबांवर मात्र ५४.५, आणि करंट ६० अँपिअर. मधल्या वाटेत ०.७ व्होल्ट गळतोय, म्हणजे ४२ वॅट उष्णता. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये, जाऊन-येऊन ४ मीटर अंतर असेल तर ६० अँपिअरला सुमारे ०.१७ व्होल्ट पडायला हवा. मग बाकीचा अर्धा व्होल्ट कुठे जातो? कुठल्यातरी जोडात. तो शोधायला मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या खांबावरच्या धातूला आणि दुसरी त्यावर बसवलेल्या लगला, म्हणजे केबलच्या टोकावरच्या धातूच्या कडीला, टेकवा. चांगला जोड १० मिलिव्होल्टच्या आत राहतो. २५० मिलिव्होल्ट आले तर त्या एका लगमध्ये १५ वॅट जळताहेत आणि काही महिन्यांत तिथलं इन्सुलेशन काळं पडणार. ब्रेकरच्या दोन्ही टोकांवर, फ्यूजवर, बसबारवर (जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर) हीच तपासणी पुढे न्या. नेहमी सापडणारी चूक: वॉशर लगच्या खाली घातलेला असतो. लग थेट खांबाच्या धातूला टेकला पाहिजे. वॉशर त्याच्या वर, नट सगळ्यांत वर.

या गळतीचा सेटिंगशी संबंध असा, की चार्जर स्वतःच्या टर्मिनलचं व्होल्टेज बघतो. त्याच्या लेखी ५५.२ झाले, म्हणून तो करंट कमी करायला लागतो आणि ॲब्सॉर्प्शनचं घड्याळ सुरू करतो. करंट कमी झाला की गळतीही कमी होते, त्यामुळे वेळ पुरेसा असेल तर बॅटरी शेवटी भरतेच. पण वेळ १५ मिनिटांचा ठेवलेला असेल तर चार्जर अर्ध्यातूनच फ्लोटवर उतरतो. अशा वेळी व्होल्टेज वाढवून काम भागल्यासारखं वाटतं, लग मात्र तापतच राहतो.

स्क्रीन आणि मल्टिमीटर यांतच ०.३–०.४ व्होल्टचा फरक असेल तर तो इन्व्हर्टरच्या मापनातला दोष आहे. तेवढा फरक सेटिंगमध्ये धरून चाला.

बीएमएस तोडत असेल तर

ओळखायची खूण: करंट हळूहळू कमी होत नाही, ४० वरून थेट शून्यावर पडतो. त्याच क्षणी इन्व्हर्टरच्या बाजूचं व्होल्टेज उसळी मारतं, कारण एमपीपीटीमधून येणाऱ्या विजेला जायला जागाच उरत नाही. व्होल्टेज जास्त झाल्याचा इशारा येतो तो यामुळे. बॅटरीचं व्होल्टेज मुळात चढलेलंच नसतं.

ॲप उघडा आणि तुटण्याच्या वेळचे सेल बघा. चित्र बहुधा असं असतं: १५ सेल ३.४३ वर शांत बसलेले, आणि एकटा सातवा ३.६५ ला पोचलेला. बेरीज करा, १५ गुणिले ३.४३ म्हणजे ५१.४५, अधिक ३.६५, एकूण ५५.१. चार्जरला ५६.८ चं लक्ष्य दिलेलं आहे. तो ५५.१ वर असताना "अजून बरंच जायचंय" म्हणून पूर्ण करंट ढकलत असतो, आणि बीएमएस सातव्या सेलसाठी दार लावून घेतो. चार्जर पॅकची बेरीज बघतो, बीएमएस एकेक सेल बघतो. लक्ष्य ५८.४ केलंत तरी दार ५५.१ लाच लागणार.

उपाय उलट्या दिशेचा आहे. बल्क ५४.४ वर आणा. सातवा सेल ३.५५ वर आणि बाकीचे ३.३९ वर असले तर बेरीज बरोबर ५४.४ होते, म्हणजे पुढे पळणारा सेल मर्यादेच्या आत राहतो आणि बॅलन्सिंगला, म्हणजे बीएमएसने सगळे सेल एका पातळीवर आणण्याला, वेळ मिळतो. फ्लोटही तात्पुरता ५४.४ ठेवा, चार्जिंगचा करंट १० ते १५ अँपिअरवर आणा. बीएमएसमध्ये बॅलन्सिंग ३.४० व्होल्टला सुरू होईल आणि सेलमधला फरक १० मिलिव्होल्टच्या वर गेला की चालेल असं ठेवा. ३.४० च्या खाली बॅलन्सिंग चालू ठेवू नका. त्या आडव्या पट्ट्यात कोणता सेल खरोखर पुढे आहे हे व्होल्टेजवरून कळत नाही, आणि बीएमएस भलत्याच सेलमधून वीज काढत बसतो.

इथे धीर लागतो. साधा बीएमएस बॅलन्सिंगला ५० ते १५० मिलिअँपिअर एवढाच करंट वापरतो. १०० अँपिअर-तासाच्या पॅकमध्ये एक सेल २ टक्के पुढे असेल तर २ अँपिअर-तास काढायचे आहेत. १०० मिलिअँपिअरने त्याला २० तास लागतात. आणि हे तास फक्त बॅटरी वरच्या टोकाला असतानाचे मोजायचे. रोज दोन तास मिळाले तर दहा दिवस. एक-दोन अँपिअरचा ॲक्टिव्ह बॅलन्सर असेल तर हेच काम एखाद-दोन दिवसांत उरकतं. फरक ३० मिलिव्होल्टच्या आत आला की बल्क दर दोन दिवसांनी ०.२ व्होल्टने चढवत ५५.२ पर्यंत न्या आणि तिथेच थांबा.

दोन आठवड्यांनीही तोच सेल पळत असेल तर खाली काय होतं ते तपासा. तोच सेल चार्जिंगमध्ये सगळ्यांच्या आधी भरतो आणि डिस्चार्जमध्येही सगळ्यांच्या आधी रिकामा होतो, तर त्याची क्षमताच घटलेली आहे. बॅलन्सिंगने ती परत येत नाही, सेल बदलावा लागतो. त्याआधी मात्र त्याच्या बसबारचे नट आणि बीएमएसच्या सेन्स वायरचा (सेलचं व्होल्टेज मोजणाऱ्या तारेचा) जोड पाहा. सैल बसबारचा सेल चार्जिंग चालू असताना व्होल्टेज जास्त दाखवतो आणि करंट शून्य होताच इतरांच्या रांगेत येऊन बसतो. खरा असमतोल करंट थांबल्यावर असा एका क्षणात नाहीसा होत नाही.

लेड-ॲसिडचं उरलेलं सामान

जुन्या ट्युब्युलर बॅटरीच्या जागी लिथियम बसवली आणि मेनू तसाच राहिला, हा प्रकार सर्रास होतो. त्यातल्या चार गोष्टी त्रास देतात.

इक्वलायझेशन बंदच हवं. लेड-ॲसिडला ठरावीक दिवसांनी मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन पाण्यात उकळल्यासारखे बुडबुडे आणावे लागतात, त्यालाच इक्वलायझेशन म्हणतात. ४८ व्होल्टच्या सिस्टिमला ५८ ते ६२ व्होल्ट. इक्वलायझेशनला एक-दोन महिन्यांचं अंतर दिलेलं असतं, त्यामुळे "सगळं नीट चालतं, पण अधूनमधून एका दुपारी बंद पडतं" अशी तक्रार येते आणि कारण सापडत नाही. डिसल्फेशन या नावाने असलेला पल्स मोडही बंद करा.

तापमानाची भरपाई शून्य करा. लेड-ॲसिडसाठी सेलमागे दर अंशाला ३ मिलिव्होल्ट वजा असं सेटिंग असतं. २४ लेड सेलच्या हिशोबाने ते ७२ मिलिव्होल्ट होतं. सेन्सर ४० अंश सेल्सिअसला असेल तर २५ अंशांच्या वर १५ अंश, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज १.०८ ने खाली: तुम्ही ५५.२ ठेवलेत, कंट्रोलर ५४.१ लाच थांबतो. थंडीत १० अंशांना हेच उलटं होऊन ५६.३ होतात. ऋतू बदलला की सेटिंग बिघडतं अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा इथे बघा. तापमानाचा सेन्सर मात्र काढू नका, त्याचं दुसरं काम आहे: ० अंशाच्या खाली एलएफपीला चार्ज करायचंच नसतं. त्या थंडीत लिथियम सेलच्या आत धातूच्या रूपात साचतं आणि ती हानी भरून निघत नाही. बीएमएसमध्ये हे संरक्षण आहे का आणि किती अंशांवर ठेवलंय ते तपासून घ्या.

मेन लाइनवर परत जाण्याचं व्होल्टेज हा तिसरा. अनेक इन्व्हर्टरमध्ये ते ४६ असतं. १६ सेलच्या एलएफपीला ४६ म्हणजे सेलमागे २.८८, पॅक जवळजवळ रिकामा. ते ५०.४ च्या आसपास ठेवा. बॅटरीवर परत येण्याचं व्होल्टेज त्याच्या निदान अडीच-तीन व्होल्ट वर हवं. लोड सुटला की एलएफपीचं व्होल्टेज एका झटक्यात व्होल्ट-दीड व्होल्टने वर येतं. अंतर कमी असेल तर इन्व्हर्टर दर दोन मिनिटांनी मेन लाइन आणि बॅटरी यांत हेलपाटे घालतो. आत रिले टकटक वाजत राहिला तर कारण हेच.

चौथं, फ्लोट. लेड-ॲसिडचा ५४.० चा फ्लोट १६ सेलला चालून जातो, १५ सेलला अजिबात नाही. तिथे तो सेलमागे ३.६० होतो आणि दिवसभर तसाच राहतो.

व्होल्ट्रॉनिक घराण्याचे इन्व्हर्टर जगभर वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. त्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये मेनूचे क्रमांक असे असतात: ०२ एकूण चार्जिंग करंट, ०५ बॅटरीचा प्रकार, ११ मेन लाइनचा चार्जिंग करंट, १२ मेन लाइनवर परत जाण्याचं व्होल्टेज, १३ बॅटरीवर परत येण्याचं, १६ चार्जिंगचा स्रोत, २६ बल्क, २७ फ्लोट, २९ कट-ऑफ, ३० इक्वलायझेशन. ०५ मध्ये यूएसई, म्हणजे आकडे स्वतः भरायचा पर्याय, निवडल्याशिवाय २६ आणि २७ बदलू देत नाहीत. "आकडा बदलतच नाही" याचं कारण बहुधा तेच. आपल्या मॉडेलचं पुस्तक समोर ठेवून क्रमांक पडताळून घ्या.

करंट

बॅटरीच्या अँपिअर-तासाच्या पाचव्या भागापासून निम्म्यापर्यंत करंट ठीक: १०० अँपिअर-तासाला २० ते ५० अँपिअर. बीएमएसची चार्जिंग मर्यादा याहून कमी असेल तर ती पाळा. काही इन्व्हर्टरमध्ये सोलर आणि मेन लाइनचे करंट एकत्र होतात, म्हणून ०२ सारख्या "एकूण" सेटिंगवर लक्ष ठेवा.

दोन पॅक समांतर असतील तर एक सापळा आहे. दोघांची मर्यादा ५०–५० आहे म्हणून १०० अँपिअर ठेवले जातात. एक पॅक दहा मिनिटं आधी भरतो आणि बाजूला होतो. सगळे १०० अँपिअर दुसऱ्यावर येतात आणि तोही तोडतो. मग दोन्ही पॅक एकदम गेल्याचं दिसतं. अशा जोडीला एका पॅकच्या मर्यादेत, म्हणजे ५० च्या आत ठेवा, पॉझिटिव्ह एका पॅकवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्यावरून घ्या. नवा पॅक जोडताना दोन्ही वेगवेगळे पूर्ण भरून, त्यांच्या व्होल्टेजमधला फरक ०.१ च्या आत असेल तेव्हाच जोडा.

चार्जर लवकर हात आखडता घेत असेल तर

खूण: करंट हळूहळू उतरतो, बीएमएसचा कोणताही इशारा नसतो, सेल ३.३५ च्या आसपास असतात आणि स्क्रीनवर फ्लोट लिहिलेलं असतं. ॲब्सॉर्प्शनचा वेळ ३० ते ६० मिनिटं करा. वेळेऐवजी शेवटचा करंट ठरवता येत असेल तर अँपिअर-तासाच्या ५ टक्के ठेवा, १०० ला ५ अँपिअर. काही इन्व्हर्टर ढग आल्यामुळे पडलेला करंट पाहून "भरली" असं समजतात आणि फ्लोटवर जातात. तिथे फ्लोट ५४.४ ठेवणं हा साधा तोडगा. सेलमागे ३.४० ला एलएफपी सावकाश का होईना, जवळपास पूर्ण भरते.

उन्हाळ्याच्या दुपारीच चार्जिंग अडकतं आणि सकाळ-संध्याकाळी चालतं, असं असेल तर पॅनलकडे बघा. ६० सेलचे दोन पॅनल सिरीजमध्ये थंड असताना साधारण ६२ व्होल्टला काम करतात. पॅनल ६५ अंशांपर्यंत तापला की त्यातले सुमारे १० व्होल्ट जातात. उरलेल्या ५२ मध्ये बॅटरी ५५.२ ला नेणं एमपीपीटीला शक्यच नाही. सिरीजमध्ये आणखी एक पॅनल लागतो, तोही कंट्रोलरच्या कमाल व्होल्टेजची मर्यादा थंड सकाळच्या हिशोबाने तपासून.

बॅटरी भरलेली आणि घरात लोड नाही, अशा वेळी ३ किलोवॅटचे पॅनल ३०० वॅट दाखवतात. तो दोष नाही. एक मोठा लोड लावून बघा, वॅट लगेच चढतील.

बॅटरी आणि इन्व्हर्टर यांचं बोलणं

कॅन किंवा आरएस-४८५ या प्रकारच्या माहिती पाठवणाऱ्या केबलने दोघं जोडलेले असतील तर मेनूतल्या व्होल्टेजला फारसा अर्थ उरत नाही. बीएमएस सांगेल ते व्होल्टेज आणि तेवढाच करंट. बॅटरी भरत आली की बरेच बीएमएस करंट खाली आणतात, यात घाबरण्यासारखं काही नाही.

बोलणं सुरूच होत नसेल तर हा क्रम धरा. केबल योग्य सॉकेटमध्ये आहे का? बॅटरीवर आरजे-४५ ची (नेटवर्क केबलसारखी) तीन-चार एकसारखी सॉकेट असतात: एक कॅन, एक आरएस-४८५, एक संगणकासाठी, एक पुढच्या पॅकसाठी. मग दोन्ही पुस्तकांतले पिन क्रमांक ताडून बघा. बऱ्याच बॅटऱ्यांत कॅनच्या तारा ४ आणि ५ वर असतात, पण इन्व्हर्टरच्या बाजूला तसंच असेल असं नाही. साधी नेटवर्क केबल बऱ्याचदा चालत नाही ती म्हणून. अंदाजाने पिना जोडू नका. त्यानंतर प्रोटोकॉल, म्हणजे दोन्हीकडे एकच भाषा निवडलेली आहे का. शेवटी बॅटरीवरचे छोटे डिप स्विच, म्हणजे पत्ता. ते बदलल्यावर बीएमएस बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, नाहीतर जुनाच पत्ता कायम राहतो.

केबल सुटली तर इन्व्हर्टर काय करणार हेही बघून ठेवा. काही मॉडेल मेनूतल्या व्होल्टेजवर परत येतात, म्हणून बोलणं चालू असलं तरी तिथे वर दिलेले आकडे भरून ठेवावेत.

६० टक्के दाखवत अंधार

टक्के मोजले जात नाहीत, हिशोबाने काढले जातात: किती अँपिअर-तास आत गेले, किती बाहेर आले. छोटा करंट मोजणीतून निसटतो आणि रोजची चूक साचत जाते. ती पुसली जाते फक्त पूर्ण चार्ज झाल्यावर, तेही बीएमएसच्या व्याख्येप्रमाणे. त्यात "भरली" म्हणजे ५६.० लिहिलेलं असेल आणि तुम्ही ५५.२ ला थांबत असाल तर तो क्षण कधीच येत नाही. बीएमएसमधला आकडा चार्जरच्या लक्ष्याहून थोडा खाली, ५५.० वगैरे, ठेवा. आठवड्यातून एकदा बॅटरी शंभरवर टेकू द्या. बीएमएसऐवजी इन्व्हर्टर स्वतःच व्होल्टेजवरून टक्के दाखवत असेल तर एलएफपीच्या बाबतीत ते आकडे बघूच नका.

बॅटरी मेली की झोपली?

पूर्ण उतरल्यावर बीएमएस बाहेरची वाट बंद करतो आणि टर्मिनलवर शून्य किंवा तीन-चार व्होल्ट दिसतात. चार्जरला बॅटरी दिसत नाही म्हणून तो चार्ज करत नाही, आणि चार्ज होत नाही म्हणून बॅटरी उठत नाही. सगळा लोड काढा, बॅटरीवरचं बटण पुस्तकात सांगितलंय तेवढे सेकंद दाबून धरा, आणि लगेच मेन लाइनवरून चार्जिंग सुरू करा. इन्व्हर्टरमध्ये लिथियम जागी करण्याचं वेगळं सेटिंग असेल तर तेही चालू ठेवा.

ब्रेकर लावताक्षणी बीएमएस पुन्हा तोडत असेल तर ते शॉर्ट नसून इन्व्हर्टरचे रिकामे कपॅसिटर असण्याची शक्यता जास्त. ३० ते ५० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर, १० वॅट किंवा मोठा, इन्सुलेटेड चिमट्यांनी ब्रेकरच्या दोन टोकांना तीन-चार सेकंद लावा, व्होल्टेज वर आलं की ब्रेकर चढवा. रेझिस्टर तापत राहिला आणि व्होल्टेज वर येत नसेल तर ताबडतोब काढा. मग खरंच शॉर्ट किंवा चालू लोड आहे. वेगळा एमपीपीटी कंट्रोलर असेल तर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. सोडवताना आधी पॅनल. ब्रेकर डीसीसाठीचाच हवा, एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी विझवू शकत नाही.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि दोन ऊन असलेले दिवस जाऊ द्या. रोज दुपारी तेवढ्या चार नोंदी पुरतात: पॅकचं व्होल्टेज, करंट, सगळ्यांत वरचा सेल, सगळ्यांत खालचा सेल. सगळं जागेवर आलं की मेनूच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. फर्मवेअर बदलल्यावर किंवा फॅक्टरी रीसेट झाल्यावर बरेच इन्व्हर्टर गुपचूप लेड-ॲसिडवर परत जातात, आणि हे कळतं ते पुढच्या कडक उन्हात बीएमएसने तोडल्यावरच.